पाठक सर आणि डुकराची दाढ

दरड सुटली तेव्हा पाठक सर कपारीत गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या हातात डबी होती. माझा भाऊ यल्लप्पा ओरडला, "अक्का, भायेर!" आणि त्यानं मला खांद्यानं ढकललं. मी नदीतल्या गोट्यांवर तोंडघशी पडले. वळून बघितलं तर वरून माती भुरुभुरु सुटलेली. सर नुसते रांगत आले असते तरी बाहेर पडले असते, दोन हात जागा होती. त्यांनी काय केलं, तर डबी बाहेर फेकली. नेम धरून, माझ्या दिशेनं. मग मान लांब करून बघितलं, झाकण तर उघडलं नाही ना. तेवढ्यात वरचं सगळं खाली आलं. आवाज काही फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं टाकावं तसा झाला, आणि मग धूळ. धूळ बसली तेव्हा समोर नुसती माती होती. सर दिसेनात, यल्लप्पा दिसेना.

डबीत डुकराची एक दाढ होती.

पाठक सर त्या मातीत गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. लातूरला त्यांची शोकसभा झाली, तिथं एक जण म्हणाला की सरांनी विज्ञानासाठी प्राण दिले. दुसरा म्हणाला, असा निरीक्षक पुन्हा होणार नाही. मला म्हणाले, मावशी, तुम्ही तीस वर्षं त्यांच्या शाळेत होता, तुम्हीही दोन शब्द बोला. मी उठले नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जिवंत असताना तरी कुठं कोण बोलत होतं? शाळेत सगळे त्यांना विद्वानच म्हणायचे.

मी त्या शाळेत शिपाई होते. माझं शिक्षण चौथी. घंटा देणं, वर्ग झाडणं, माठ भरणं, ही कामं. पाठक सर भूगोल शिकवायचे. उंच, काडीसारखे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. चालताना ते भिंग शर्टाच्या गुंडीवर आपटायचं, टक टक. पोरं त्या आवाजावरून सावध व्हायची. कुठलीही वस्तू दाखवली की सर आधी भिंग लावायचे आणि मग एक बोट वर करून म्हणायचे, "निरीक्षण! निरीक्षण पाहिजे!" डबा उघडून वांग्याची भाजी बघितली तरी हेच.

सुटीच्या दिवशी ते मांजरा नदीच्या काठानं फिरायचे आणि पिशवी भरून दगड, हाडं आणायचे. जुनी हाडं, दगड झालेली. खरं जुनं हाड ओळखायची त्यांची एक रीत होती. जिभेला लावायचं. चिकटलं तर जुनं. नदीतला, गाळातला, कुणाच्या पायाखालचा कसलाही तुकडा ते बिनदिक्कत चाटायचे. आणि मी भरलेल्या माठातलं पाणी मात्र त्यांनी तीस वर्षांत कधी घेतलं नाही. घरून बाटली आणायचे. स्वतःचा स्टीलचा पेला कपाटात कुलपात ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घशाचा त्रास आहे." माझ्या तोंडावर कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. सभ्य माणूस.

आम्ही वडार. दगड फोडायचा, माती खणायची, डुकरं पाळायची. माझा बाप पाटे-वरवंटे घडवायचा. त्याचा हात डावा होता, म्हणून त्याच्या टाकीचे घाव उलट्या अंगाला तिरपे पडायचे. गावात चार जणांनी केलेले पाटे एका ओळीत ठेवले तरी बापाचा मी लांबून ओळखायची.

एका सोमवारी भूगोलाच्या खोलीतलं काचेचं कपाट पुसायला उघडलं, तर मधल्या फळीवर बापाचा वरवंटा. अर्धा घडवलेला, शिरेवर उकललेला. असा उकलला की बाप तो वस्तीमागच्या ओढ्यात फेकून द्यायचा. त्याच्याखाली सरांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: अश्मयुगीन मानवाचे हत्यार, मांजरा खोरे. मी सरांना म्हटलं, "सर, हे कुठं घावलं?" तर म्हणाले, "मावशी, पुसताना जपून. लाख वर्षांचं आहे." माझा बाप तेव्हा जिवंत होता आणि वस्तीत बिडी ओढत बसला होता.

मी बोलले नाही. नोकरी नवी होती. पुढं तपासणीला साहेब आले, त्यांनी तो वरवंटा हातात घेऊन वा वा केलं, आणि सरांनी बोट वर करून घाव कसे मारले ते सांगितलं. अकरा वर्षं मी ते लाख वर्षांचं हत्यार फडक्यानं पुसलं. बाप वारला त्या महिन्यात मी ते पदराखाली घालून घरी आणलं आणि त्या जागी शाळेच्या पायरीजवळचा एक गोटा ठेवला. सर निवृत्त होईपर्यंत तो गोटा तिथंच होता, चिठ्ठीसकट. भिंगवाल्या माणसाला कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांचं फिरणं रोजचं झालं. सकाळच्या गाडीनं रेणापूरकडं जायचे, नदीत उतरायचे, उन्हं कलली की परत. मीही नंतर निवृत्त झाले. तेव्हापासून परत येताना ते मधूनमधून माझ्या दारात थांबायला लागले. त्यांची बायको त्यांचं काही ऐकून घेत नव्हती. मास्तर माणूस, समोर वर्ग नसला की बेजार होतो. ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि मी आत बसून ज्वारी निवडत ऐकायची. हाव सर, बरं सर, एवढंच माझं काम.

एका उन्हाळ्यात दुपारी आले ते धावतच आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी काहीतरी जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि मग मला म्हणाले, "मावशी, हात पुढे करा."

अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू होती. काळपट तपकिरी, भाजलेल्या चिंचोक्यासारखी चकचकीत. आकाराच्या मानानं जड. खालची मुळं मोडलेली, वर चार टेंगळं, थोडी झिजलेली.

"काय वाटतं?"

"दाढ हाय."

"शाब्बास! कुणाची?"

"डुकराची."

ते हसले. पोरानं नकाशात गंगा दक्षिणेला दाखवली की हसायचे तसं. "नीट बघा. निरीक्षण!"

"नीटच बघितलं, सर. मागून दुसरी. म्हातारं जनावर न्हाई, पण पिल्लू बी न्हाई."

"मावशी, ही माणसाची दाढ आहे. आपल्या सगळ्यांच्या आधी या नदीकाठी राहिलेल्या माणसाची. बघा, दगड झाली आहे."

"मग दगड झालेलं डुक्कर असंल."

"कशावरून म्हणता?"

"डोकं भाजून खाल्लंय की आमी. लहानपणापसून जबडे हातात घेतलेत. माणसाची दाढ अशी नसती, मधी बारके बारके फोड नसत्यात. ह्ये बघा."

आता त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, माझं पटलं. पण त्यांना आठवलं ते दुसरंच. ते गल्लीतल्या नळावर गेले आणि चुळा भरायला लागले. मी मोजल्या, सात. माझ्या दारात भरलेली घागर होती, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोंड पुसत परत आले, दाढ रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "तुमचा दोष नाही. प्रत्येकाला आपापल्या अनुभवापुरतंच दिसतं."

पुढं महिनाभर आले नाहीत. मग एके दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सर कोट घालून, बोट वर करून, आणि शेजारी ती दाढ पाट्याएवढी मोठी केलेली. खाली लिहिलेलं, मांजरा-मानवाचे शोधक. एका पेपरवाल्यानंही तसंच छापलं. त्यांच्या ओळखीच्या एका मंडळानं सत्कार ठरवला, हॉल घेतला. शेजारणी मला विचारायला लागल्या, "मावशी, तुमच्या सरांना आपला खापरपणजा घावला म्हणं!"

मी यल्लप्पाला सगळं सांगितलं. यल्लप्पा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पाचवीत पाठक सरांच्या वर्गात होता, मग शाळा सोडून खाणीवर गेला. वर्गात एकदा त्यानं नकाशावर गोदावरी बरोबर दाखवली आणि सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "हुशार आहेस." पन्नास वर्षं झाली, तो ते वाक्य विसरला नाही. दारू प्यायला की हमखास सांगायचा. त्याच्या सगळ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी त्याला हुशार म्हटलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

तो म्हणाला, "अक्का, सर शिकलेले हायेत. त्यांना कळंना का?"

"डुक्कर काय शिकून कळतंय व्हय रे?"

"तू उगं त्यांच्या मागं लागून राहिलीस."

सत्काराच्या आधी सरांना एक शिक्का पाहिजे होता. नांदेडला एका कॉलेजात बाहेरगावच्या एक मॅडम येणार होत्या, जुन्या हाडांच्या अभ्यासक. हौशी लोकांनी आपापल्या वस्तू आणून दाखवाव्यात असं होतं. सर मला म्हणाले, "मावशी, चला, डब्या धरायला." मी गेले. एसटीला आम्हा दोघांनाही अर्धं तिकीट, मला बाई म्हणून आणि त्यांना म्हातारे म्हणून. शिवाय मला बघायचंच होतं.

बोरकर मॅडम पस्तीसेक वर्षांच्या. कापलेले केस, चष्मा कपाळावर. हदगावकडचा एक माणूस पिशवीभर गारगोट्या घेऊन आला होता, त्याच्याशीही अर्धा तास नीट बोलल्या. सरांचा नंबर आला. सरांनी आधी हत्तीच्या दाताचे तुकडे, बैलाचं शिंग असं काढलं. मॅडम प्रत्येक वस्तूला विचारायच्या, कुठं मिळालं, काठाच्या कुठल्या थरात, मातीत की गोट्यांत. शेवटी सरांनी डबी उघडली आणि नवरीमुलीचा बाप उभा राहावा तसे हात बांधून उभे राहिले. मागं वीस-पंचवीस माणसं गोळा झालेली. मंडळाचे दोन जण लातूरहून मुद्दाम आलेले, मोबाइल वर धरून.

मॅडमनी दाढ उजेडात धरली. वळवून वळवून बघितली. मग त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकचा डबा काढला, त्यात आजच्या जनावरांचे दात होते, प्रत्येकावर नंबर. त्यातली एक दाढ काढून शेजारी ठेवली.

"सर, हे बघा."

सर बघेनात.

"माणसाच्या दाढेत मोठ्या टेंगळांच्या मधे नुसत्या खाचा असतात," मॅडम म्हणाल्या. "इथे मधे लहान लहान टेंगळं आहेत. झिजल्यामुळे चटकन दिसत नाहीत, म्हणून भले भले फसतात. ही डुकराची आहे. पण सर—"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मोबाइल खाली आले.

"पण सर, ही फार चांगली वस्तू आहे. हत्ती, बैल सगळ्यांना सापडतात, मोठे असतात. एवढी लहान वस्तू तुमच्या नजरेला पडली, हे सोपं नाही. आणि हे आजचं डुक्कर नाही. आज नसलेल्या एखाद्या जातीचं असू शकेल, तपासावं लागेल. माझ्याकडे द्याल का? नोंदीत शोधणारा म्हणून तुमचं नाव राहील."

"डुकराच्या पुढं माझं नाव?" सर म्हणाले.

एवढंच ऐकू आलं होतं त्यांना. त्या बाईनं हातात दिलेलं सगळं त्यांनी त्या एका शब्दासाठी लाथाडलं. मॅडमनाही काही समजेना. त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण?"

"त्यांच्या शाळंत शिपाई होते. मी आधीच सांगितलं होतं त्यांना."

"डुक्कर म्हणून? कसं ओळखलंत?"

"खाल्लंय."

मॅडम मोठ्यानं हसल्या. मला म्हणाल्या, "मग तुमचा अभ्यास माझ्यापेक्षा जुना." सगळा हॉल हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं त्या माणसाचं कपाट पुसलं होतं.

सरांनी डबी बंद केली. "एका दातावरून काही ठरत नाही, मॅडम."

"ते बरोबर आहे. जबडा मिळाला तर वादच राहणार नाही."

"आणतो," सर म्हणाले.

ती दाढ आज मॅडमकडेच आहे. सर गेल्यावर मी डबी त्यांच्या बायकोला द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ती घरात नको." मग मी रजिस्टरनं पाठवून दिली. मॅडमचं पत्र आलं, दोन पानी, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. आता कुठंच नसलेल्या जातीचं डुक्कर निघालं. त्या जागेवरून असं पहिलंच. चिठ्ठीवर सरांचं नाव लावलंय. सगळ्या आयुष्यात सरांनी गोळा केलेल्यात तीच एक वस्तू नाव लावण्यासारखी होती. त्यांची नजर तेवढी खरी होती, एवढं मी कबूल करते. मैलभर गोट्यांत मला ती दाढ दिसली नसती. दिसायचं त्यांना सगळं. बघितलेलं काय आहे ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

नांदेडहून परत येताना ते माझ्यापासून चार सीट पुढं बसले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मागं येऊन म्हणाले, "मावशी, यल्लप्पा सध्या काय करतो?"

मेलाय म्हणून सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "असतो की घरीच."

सत्काराला आठ दिवस राहिले होते. मंडळाचे लोक हळूच विचारायला लागले होते, पुढं ढकलायचा का. सरांना त्याआधी जबडा पाहिजे होता, म्हणजे ते हॉलमध्ये उभे राहून मॅडमचं, माझं आणि फिस्सकन हसणाऱ्याचं तोंड बंद करणार होते. यल्लप्पाला बोलावणं गेलं आणि यल्लप्पा टिकाव-फावडं घेऊन निघाला. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा. त्याला सरांना न्हाई म्हणता येत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले.

दाढ मिळाली होती ती जागा रेणापूरच्या अलीकडं, नदीच्या वळणावर. वाळूवाल्यांनी तिथला काठ उभा कापून काढलेला. खाली हातभर जाडीचा गोट्यांचा थर, त्यात जुनी हाडं, आणि त्याच्यावर तीन पुरुष उंच गाळाची माती. सर म्हणाले, या थरात सरळ आत शिरायचं.

यल्लप्पानं वर बघितलं. टिकाव खाली ठेवला. "सर, वरून पायऱ्या पाडत येऊ. गाळाची दरड हाय. तिचं पोट खायाचं नसतंय."

हे आमच्यातल्या पोराला चालायला यायच्या आधी कळतं. माती काढायची तर डोक्याकडून काढायची. खालून खाल्ली की ती वरून बसते, आणि बसताना सांगत नाही. आमचा एक चुलता विहिरीच्या कामावर असाच गेला होता.

"वरून आलास तर थर मिसळतील," सर म्हणाले. "मला जबडा जागेवर पाहिजे. जागेवर नसला तर पुरावा कसला?"

"लई तर पाच-सा दिवस लागतील, सर."

"एवढे दिवस नाहीत माझ्याकडे." मग त्यांनी बोट वर केलं. "यल्लप्पा, भूगोल मी तुला शिकवलाय की तू मला?"

यल्लप्पा हसला. लाजल्यासारखा हसला, पाचवीतल्या पोरासारखा. आणि वाकून आत शिरला. त्या दरडीवर ज्यानं पन्नास वर्षं काढली तो गप्प बसला आणि ज्यानं ती फळ्यावर खडूनं काढली त्याचं चाललं. मी मधे बोलले, "यल्ल्या, ऐकू नगं." तर माझाच भाऊ मला म्हणाला, "अक्का, तू गप."

दोन दिवसांत कपार माणूसभर खोल झाली. बैलाचं एक हाड मिळालं, कासवाच्या पाठीचा तुकडा मिळाला. सर ते बाजूला टाकायचे. मॅडमनी असल्या तुकड्यासाठीही जीव टाकला असता. सरांना आता माणूसच पाहिजे होता.

तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. मी भाकरी घेऊन गेले आणि सावलीला म्हणून दरडीच्या पायथ्याशीच टेकले. वडाराची पोर असून. सरांना नावं ठेवताना हेही सांगायला पाहिजे.

दुपारी कपारीतून सरांचा आवाज आला, "मावशी! जबडा! या, बघा!" आवाज चिरकला होता. मी वाकून आत डोकं घातलं. ते दात घासायच्या ब्रशनं माती झाडत होते. भिंतीतून काहीतरी पांढरट, वाकडं, बोटभर बाहेर आलेलं. त्यांनी डबी काढून दाढ त्याच्याशेजारी धरली आणि माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला खरंच विचारत होता.

ती चुन्याची मुळी होती. जुन्या झाडाची मुळी चुना बसून दगडासारखी होते, नदीकाठी अशा खंडीभर असतात. आमची पोरं त्यांनी खेळतात.

मी काही बोलले नाही. नांदेडला बोलले होते, दारात बोलले होते, यल्लप्पाला बोलले होते. म्हटलं, काढू दे बाहेर आणि नेऊ दे हॉलमध्ये, होऊ दे शोभा. हा माझा विचार होता. "ती मुळी हाय" असं म्हटलं असतं तर ते चिडून का होईना बाहेर आले असते, भांडायला तरी. मी मागं सरकून पुन्हा सावलीत बसले. यल्लप्पा कपारीच्या तोंडाशी फावड्यानं माती ओढत होता. सर डबी हातात घेऊन आतच बसले होते. मग माती भुरुभुरु सुटली.

पुढचं सांगितलंच आहे.

वळणाच्या पलीकडं वाळूचा ट्रॅक्टर भरत होता. चोरीचं काम, ओरडा ऐकला की ते लोक पळतात. पण आले. पाच जण, फावडी घेऊन पळत आले. पहिल्यानं विचारलं, "मावशी, कोन हाय आत?"

"दोघं."

"कुठं?"

मला दोघांच्याही जागा माहीत होत्या. सर आत, खोल, भिंतीला लागून. यल्लप्पा अलीकडं, तोंडाशी. पाच फावडी होती. दोन इकडं आणि तीन तिकडं असंही सांगता आलं असतं. मी यल्लप्पाच्या जागेवर पाय रोवून उभी राहिले आणि म्हटलं, "हितं." पाचही जण तिथंच खणायला लागले. मी हातानं माती ओढत होते. यल्लप्पाचं डोकं बाहेर येईपर्यंत मी दुसऱ्या जागेचं नाव काढलं नाही. कमरेपर्यंत मोकळा केला तेव्हा त्यातला एक जण म्हणाला, "अन् दुसरा?" मग मी बोट दाखवलं.

हे मला कुणी विचारलं नाही. शोकसभेतही नाही, पोलिसांनीही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तिथंच उभी राहीन.

सरांना काढायला बराच वेळ गेला. वाळूवाल्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी केली आणि दोघांनाही त्यात घातलं. सरांच्या एका पायात बूट नव्हता. मोज्याला अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्यानं टाके घातलेले, वेडेवाकडे, बायकांचे हात लागलेले नाहीत असे. त्यांनीच घातले असणार. एका वाळूवाल्यानं डोक्याचा गमछा काढून त्यांच्या तोंडावर टाकला. शेजारी यल्लप्पा कण्हत पडला होता, मांडी मोडलेली, तोंडात माती. रेणापूरचा दवाखाना येईपर्यंत तो एकच विचारत होता, "अक्का, सर कसे हायेत?" मी त्याला सांगितलं, "गप पड."

तो आता काठी घेऊन चालतो. सरांना अजून देवमाणूस म्हणतो, त्यावरून आमचं भांडण होतं.

त्या दरडीखाली आम्ही तिघं होतो. मी आणि यल्लप्पा वाचलो.